आधी त्यांना वाचून दाखव

अण्णा आता नाहीत, म्हणून हे लिहायचा धीर होतोय. असते तर हे पान त्यांच्यासमोर बसून मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं असतं, आणि त्यांनी स्टीलची पट्टी हातात धरून, मान न हलवता ते ऐकलं असतं. सत्तेचाळीस वर्षांची बाई, दोन पोरांची आई, आणि माझ्या खांद्याएवढ्या उंचीच्या एका म्हाताऱ्याला इतकी भ्यायची! हसा खुशाल. ज्यांनी त्यांना आपली फाइल दिली होती त्यांतलं कुणी हसणार नाही.

आमच्या भागात एजंट म्हटलं की तो विम्याचा, नाहीतर प्लॉटचा. पुस्तकालाही एजंट लागतो असं मी स्टाफरूममध्ये बोलले असते तर आठवडाभर चहाबरोबर मलाच खाल्लं असतं. मी उंब्रजच्या एका हायस्कुलात ग्रंथपाल. लोकांच्या पुस्तकांवर कव्हरं चढवता चढवता स्वतःच एक लिहून बसले. दोनशे पानं, माझ्या आईवर.

माझं माहेर विट्याचं. तिकडचे निम्मे पुरुष सोनं गाळायच्या धंद्यात, देशभर पांगलेले. माझे वडील, नाना, असेच तमिळनाडूत कोइमतूरला गेले. पुढं दुकान, मागं एक खोली, त्या खोलीत आई, नाना, दादा आणि मी. दुकानात भट्टी, आणि ॲसिडच्या भांड्यातून उठणारा तांबूस पिवळा धूर. त्या धुराला बाहेर पडायला एकच वाट होती, मागचा बोळ. आणि त्याच बोळात आई स्वयंपाक करायची. मी अकरा वर्षांची असताना ती खोकून खोकून गेली. घरात आजवर सांगितलं जायचं की तिला दमा होता. मी पुस्तकात लिहिलं की दमा नव्हता, धूर होता.

नाना अजून आहेत. ऐंशीला आलेत, दादाकडं विट्यात राहतात, आणि गल्लीत कुणाच्या घरी भांडण झालं तर अजून त्यांना मध्यस्थीला बोलावतात. आता माझी गोची काय होती ते सांगायला नको. पुस्तक छापून यावं म्हणून जीव तळमळायचा. आणि आलं तर माहेर संपलं, हेही दिसत होतं.

तरी धडपड चाललेलीच. पुण्यातल्या चार प्रकाशकांना मेल केले. तिघांचं उत्तर नाही. चौथ्याचं आठ महिन्यांनी आलं, आणि ते दुसऱ्याच कुणाच्या कवितासंग्रहाबद्दल होतं. मोबाइलवर इंग्रजी एजंट लोकांची पानं वाचली. ते विचारत होते, तुमचं पुस्तक कोणकोणत्या पुस्तकांसारखं आहे ते दोन ओळींत कळवा. मी म्हटलं, बाबांनो, ते माझ्या आईसारखं आहे, आता काय करू? आमचे हे म्हणाले, "स्वतःच छाप की. दोनशे प्रती काढू, पाहुण्यांत वाटू." पाहुण्यांत! मला घाम फुटला.

अण्णा सांगलीचे. वर्षातून दोनदा दोन कापडी पिशव्या घेऊन आमच्या ग्रंथालयात पुस्तकं विकायला यायचे. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, पायांत रबरी चपला, चालण्याचा आवाज नाही. आपण कपाटाकडं तोंड करून उभं असावं आणि वळून बघावं तर ते खुर्चीत बसलेले. पुस्तकं विकणं हा त्यांचा वरवरचा उद्योग. खरा उद्योग म्हणजे लोकांची हस्तलिखितं घेऊन पुण्या-कोल्हापूरच्या प्रकाशकांकडं जायचं, टेबलासमोर बसायचं, आणि होय किंवा नाही हे तोंडानं ऐकल्याशिवाय उठायचं नाही. प्रकाशकांनी त्यांचा धसका घेतला होता. पण त्यांनी नेलेलं पुस्तक सहसा परत यायचं नाही, असं सगळे म्हणत.

एके दिवशी बिलावर सही घेताना ते मला म्हणाले, "बाई, तुमी कायतरी लिवलंय म्हणं."

मी कुणालाच बोलले नव्हते. कुणी सांगितलं ते आजतागायत कळलेलं नाही. टेबलाच्या खालच्या खणातून मी फाइल काढून पुढं ठेवली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

"हे कुणी वाचू न्हाई आसं वाटतंय?"

"असं कसं, अण्णा? सगळ्यांनी वाचावं म्हणूनच तर..."

"तसं न्हवं. एक मानूस आसतंय. त्याच्या हातात हे पडलं तर काय, ह्या इचारानं झोप उडती. ते कोन?"

"तसं कुणी नाही."

त्यांनी फाइल एका बोटानं माझ्याकडं सरकवली. "मग न्या घरी," म्हणाले, आणि चहा यायच्या आत एस.टी. पकडायला गेले. मी मात्र दुपारभर त्या फाइलकडं बघत बसले. माणसाला इतकं सहज ओळखता येतं, याचीच मला धास्ती बसली.

पुढच्या खेपेला मीच फाइल त्यांच्या पिशवीत कोंबली. ते म्हणाले, "वाचतो. पर नाव कळल्याबिगर न्हेनार न्हाई."

मग सुरू झाले व्हॉइस मेसेज. अण्णांना मोबाइलवर टाइप करता यायचं नाही, आणि फोनवर बोलायला आवडायचं नाही. म्हणून ते आठ-दहा सेकंदांचा आवाज पाठवायचे. "पान एकशेचार. खोटं वाटतंय. फोन करू नका." बास. मागं कुकरची शिट्टी नाही, रस्त्यावरचा आवाज नाही, नुसता त्यांचा तो सपाट स्वर. कधी सकाळी सहाला, कधी भर तासाला. "पान सत्तावन्न. रडलाय तुमी हितं. वाचनाऱ्याला रडू द्या की." एकदा पाहुण्यांच्या साखरपुड्यात ताटावर बसले होते, जिलेबी तोंडात, आणि मेसेज वाजला. ऐकला नाही, तरी घास उतरेना. घरी येऊन ऐकला. अण्णा म्हणत होते, "पान बारा. चांगलं हाय." मला त्याचीच जास्त भीती वाटली. बारापासून पुढची सगळी पानं वाईट असणार, असं वाटून मी पुन्हा सगळी वाचून काढली.

ते सांगलीच्या गावभागात दोन खोल्यांत राहायचे. एकटेच. जैन माणूस, नेम कडक. कांदा-बटाटा नाही, पाणी फडक्यातून गाळून, आणि दिवस मावळायच्या आत जेवण उरकलेलं. त्यामुळं त्यांच्याकडं जायचं ते दुपारी, आणि पाचला उठायचंच, मग वाक्य अर्धं राहिलं तरी. माळ्यावर हस्तलिखितांचे गठ्ठे, प्लास्टिकमध्ये बांधलेले. महापुरात पाणी कमरेच्या वर चढलं तेव्हा ते होडीत दोन गठ्ठे मांडीवर घेऊन बसले आणि स्वतःचे कपडे, भांडी, गादी सगळं खाली सोडून आले. मी म्हटलं, "अण्णा, केवढे उपकार हो लोकांवर!" तर म्हणाले, "उपकार कसले? ती कागदं कुनाच्या हातात गावली आस्ती तर घरं फुटली आस्ती."

भीती म्हणजे त्यांचं शेतच होतं म्हणा ना. रोज तिथंच राबायचे. नियम एकच, ज्या माणसाची भीती वाटते त्याला छापायच्या आधी वाचून दाखवायचं.

वडूजकडचे एक निवृत्त सुभेदार त्यांच्याकडं आत्मचरित्र घेऊन आले होते. त्यांची माझी गाठ अण्णांच्याच जिन्यात पडली. मिशा अशा, छाती अशी, आणि रुमालानं मान पुसत उभे. मी विचारलं, "आत कुणी आहे का?" तर म्हणाले, "न्हाई, अजून आत गेलो न्हाई." अर्धा तास झाला होता म्हणे. चोवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस! त्यांना वाटलं होतं अण्णा साहेबलोकांबद्दल विचारतील. अण्णांनी विचारलं बायकोबद्दल. पुस्तकभर त्यांनी लिहिलं होतं की घरच्या आघाडीची मला कधी काळजी पडली नाही. "जावा आनि त्यान्ला वाचून दावा," अण्णांनी सांगितलं. सुभेदार महिनाभर टाळत राहिले. शेवटी एका दुपारी त्यांची बायको, काकी, ज्वारी निवडत बसल्या असताना वाचलं. काकींनी सूप खाली ठेवलं नाही. सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या, "सासूनं मला दोनदा घराबाहेर काढलं हुतं, ते तुमास्नी पत्रात कळवायचं न्हाई म्हणून तुमच्या आत्यानं शपथ घातली हुती." सुभेदारांचं पुस्तक निघालं ते एका वर्षानं, आणि त्यात एक प्रकरण जास्त होतं. जिन्यात ते मला म्हणाले होते, "बाई, गोळी लागती तवा कळतच न्हाई. हे लय वंगाळ."

हे सगळं ऐकूनही मी नाव सांगत नव्हते. अण्णाही विचारत नव्हते. हाच तर त्यांचा छळ होता, ते मागं लागायचेच नाहीत. मग एका दुपारी मीच चिडले. म्हटलं, "अण्णा, हा कुठला नियम? लिहिणाऱ्यानं लिहावं, छापणाऱ्यानं छापावं. जिवंत माणसांना विचारत बसलं तर जगात एक पुस्तक निघायचं नाही. तुम्हाला काय मिळतं लोकांना असं कोंडीत धरून?"

ते रागावले नाहीत. हातातली स्टीलची पट्टी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच सलग बोलले.

"आदी मी बी वाचत न्हवतो," म्हणाले. "पैली धा पानं, शेवटची धा पानं. तेवढ्यावर पुस्तक कळतंय, आसा माज हुता. सांगलीतलेच एक लेखक हुते. आमच्या घरी जेवायला आस्त. त्यांनी एक इनोदी पुस्तक लिवलं. मीच न्हेलं पुण्याला. मीच लावलं. छापून आल्यावर मीच पिशवीतनं गावोगाव इकलं. 'लय हसाल बघा,' आसं म्हणून इकलं. तासगावकडच्या एका वाचनालयात तिथल्या बाईनं इचारलं, अण्णा, हे तुमच्याच घरातलं का हो? मी म्हटलं, काय? तिनं पान काढून दिलं."

त्यात एक बाई होती. पाणी तीनतीनदा गाळणारी, पाहुण्याला पोळी वाढताना दिवस किती राहिलाय ते खिडकीतून बघणारी. आणि खाली लिहिलं होतं, ही बाई इतकं गाळते की तिच्या पोटीसुद्धा काही उतरलं नाही.

अण्णांना मूल नव्हतं.

"घरी आलो," अण्णा म्हणाले. "तिला आदीच म्हाईत हुतं. तीन म्हैने झालेले. बस्तीत, देवळात आमच्या, बायका तिला बगून हासायच्या. मी म्हटलं, मला सांगितलं का न्हाईस? तर म्हणाली, तुमी येवढ्या हौसेनं इकत हुता."

त्यानंतर त्या बाई बस्तीत गेल्या नाहीत. घरातच फोटोसमोर हात जोडायच्या. आठ वर्षांनी वारल्या. बस्ती घरापासून हाकेच्या अंतरावर होती, हेही अण्णांनी सांगितलं. डोळे भरून आले, आणि मागोमाग लाजही वाटली, की मी यांना माज दाखवत होते.

मी म्हटलं, "नाना. माझे वडील."

"ते मला नवव्या पानालाच कळलं हुतं," अण्णा म्हणाले. "कुठल्या वारी जायाचं इट्याला?"

आता माझा भित्रेपणा ऐका. दादाला फोन केला. म्हटलं, सांगलीचे एक गृहस्थ आहेत, अण्णा म्हणून, त्यांना घेऊन येतेय, नानांना काही वाचून दाखवायचंय. दादा म्हणाला, "पोथी का?" मी म्हटलं, "तसंच काहीसं." मला वाटलं, वेळ मारून नेली.

विट्याला पोचलो तर दारात रांगोळी. सोप्यात चौरंग, त्यावर नवं वस्त्र, उदबत्ती, नारळ. डोक्यावर पदर घेतलेल्या गल्लीतल्या आठ-दहा बायका भिंतीला टेकून बसलेल्या, आणि वैनी आत प्रसादाचा शिरा हलवतेय. नाना स्वच्छ धोतर नेसून, कपाळाला गंध लावून चौरंगासमोर बसलेले. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. "ये," म्हणाले. "लेकीच्या तोंडनं पोथी ऐकायची म्हंजे भाग्य लागतंय."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मी अण्णांकडं बघितलं. वाटलं, हे आता म्हणतील, चला परत. त्यांनी चपला काढल्या, बायकांपुढं हात जोडले आणि म्हणाले, "आयांनो, ही पोथी घरातली हाय. घरच्यांनीच ऐकायची हाय. परसाद घ्या आनि रागावू नका." बायका रागावल्याच. शिरा पदराआड धरून, मागं बघत बघत गेल्या. वैनीनं दार लोटलं. दादा म्हणाला, "हे काय गौडबंगाल?" अण्णांनी त्यालाही बसवलं. मग नानांना म्हणाले, "नाना, तुमच्या पोरीनं पुस्तक लिवलंय. तुमी हाय त्यात. पुरं हुईपतूर कुणी बोलायचं न्हाई. चालंल?"

नाना म्हणाले, "चालंल की. वाच."

नवं वस्त्र घातलेल्या चौरंगावर मी ती फाइल ठेवली आणि सुरू केलं. पहिली पानं कोइमतूरची, दुकानाची, आम्ही पोरं तमिळ शाळेत जायला लागलो त्याची. नाना मध्येच हसले. मग मी धुराच्या पानावर आले. बोळ आला. आईची चूल आली. नाना एकदम म्हणाले, "ती उदबत्ती भाईर न्हे गं." वैनी उठून घेऊन गेली. तेवढंच बोलले. पाच वाजले, अण्णा उठले. त्यांची जेवणाची सोय विट्यातल्याच एका जैन घरी होती.

अण्णांच्या त्या नेमामुळं वाचन तीन दुपारी चाललं. आणि मधल्या वेळात, त्यांच्याच दुसऱ्या नेमामुळं, कुणी कुणाशी त्याबद्दल बोलायचं नाही. आम्ही जेवायचो. नाना "आमटी वाढ" म्हणायचे. मी वाढायची. आमटी ताटाबाहेर सांडायची. त्यांच्या तोंडाकडं बघायची छाती होत नव्हती. त्यांना झोप लागायची की नाही कोण जाणे, माझा तरी डोळ्याला डोळा लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी आईच्या खोकल्याचं प्रकरण वाचत असताना दादा ताडकन उठला. "बास कर. त्यांच्या तोंडावर? ह्या वयात? लाज वाटत न्हाई तुला?" मी थांबले. मला तर थांबायला निमित्तच हवं होतं. नानांनी हात वर करून दादाला खाली बसवलं आणि मला बोटानं खूण केली, पुढं.

तिसऱ्या दुपारी आई गेली. मी वाचत होते, आणि मला लवकरात लवकर शेवटाला पोचायचं होतं. कारण शेवटी मी नानांची बाजू घेतली होती. शेवटचं प्रकरण सगळं त्याचंच होतं. तो धूर जीव घेतो हे तेव्हा कुणालाच कळत नव्हतं, धंद्यातल्या कुणालाच, आणि नानांना तर कुठून ठाऊक असणार. त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी भट्टी फोडून टाकली असती. मी ते मनापासून लिहिलं होतं. आणि हेही खरं, की ते लिहिलं म्हणूनच मला तिथं जाऊन बसायचा धीर झाला होता.

फाइल मिटली.

"झालं?" नाना म्हणाले.

"झालं."

"एक खोटं हाय त्यात."

मी अण्णांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते.

"मला ठाऊक हुतं," नाना म्हणाले.

दादा म्हणाला, "नाना, तुमी पडा जरा. दमलाय तुमी."

"गप बस. डाक्टरनं सांगितलं हुतं. ही पैलीत हुती तवा. तुझ्या आईला घिऊन गेलो हुतो. डाक्टर तिकडचा, तमिळ बोलायचा. तुझ्या आईचं तमिळ भाजीबाजारापुरतं. तिच्या म्होरंच त्यानं मला सांगितलं, हिला त्या धुरातनं भाईर काढ, न्हाईतर ऱ्हात न्हाई ही. तिनं इचारलं, काय म्हणतोय? मी म्हटलं, दमा हाय म्हणतोय. औशिद देतोय."

मी तीन दिवस त्यांच्या रागाला भीत होते. रागच बरा होता की हो! रागावले असते, फाइल फेकली असती, चालती हो म्हणाले असते, तर मी रडत का होईना उंब्रजला गेले असते आणि माझे नाना माझ्यापाशी राहिले असते.

आणि मग अण्णा बोलले. वाचनाला बसल्यावर ते कधीच काही विचारत नसत. पण त्या दिवशी त्यांनी विचारलं, "का न्हाई सांगितलं त्यान्ला?"

"पोरं घिऊन गावाकडं गेली आस्ती," नाना म्हणाले. "मी एकटा पडलो आस्तो तिकडं. भ्या वाटलं."

दादा उठून बाहेर गेला. गाडी सुरू केल्याचा आवाज आला. त्यानंतर तो माझ्याशी आजपर्यंत बोललेला नाही.

स्टँडवर अण्णा आणि मी शेजारी बसलो होतो. सांगलीची गाडी लागायची होती. मी म्हटलं, "आता काय करू?" त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "मला ठाऊक न्हाई." असं उत्तर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "मला वाटायचं, आदी वाचून दावलं की दुखनं कमी हुतंय. आज मी म्हाताऱ्याचं काय केलं, बाई?" त्यांची बोटं पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती. "ते लिवलंत तर मला भ्या वाटतंय. न्हाई लिवलंत, तरी वाटतंय. तुमचं तुमी बगा." गाडी आली. चढताना त्यांचा पाय घसरला, कंडक्टरनं दंडाला धरून आत घेतलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते किती थकले होते.

मी लिहिलं. दोन महिने लागले त्या दीड पानाला. अण्णांना पाठवलं. उलट व्हॉइस मेसेज आला, फक्त, "न्हेतो." आणि नेलंच त्यांनी. पुढच्या उन्हाळ्यात पुस्तक निघालं. तोवर अण्णा मिरजेच्या एका दवाखान्यात होते. मी प्रत घेऊन गेले तेव्हा त्यांना ओळख पटत नव्हती. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, कव्हरवरून हात फिरवला आणि उशीखाली सरकवून दिलं. त्याच आठवड्यात गेले.

पण छापायच्या आधी ते दीड पान नानांना वाचून दाखवायला मी एकटीच विट्याला गेले होते. अण्णांनी सांगितलं नव्हतं, तरी गेले. दादा मळ्यात होता. वैनीनं पाणी दिलं आणि आत निघून गेली. नाना पायरीवर उन्हात बसले होते. मी खालच्या पायरीवर बसून वाचलं. डॉक्टर, त्याचं तमिळ, आईचा प्रश्न, नानांचं उत्तर, सगळं.

नानांनी मान हलवली. "बराबर हाय," म्हणाले. मग हळूच म्हणाले, "आजून एक ऱ्हायलंय. तू हुतीस तितं."

"कुठं?"

"डाक्टरकडं. आईच्या मांडीवर. तू शाळत जात हुतीस, तुला तमिळ कळायचं. डाक्टर बोलला तवा तू माझ्याकडं बगितलंस. मी म्हटलं, आता ही बोलंल. घरी जाऊस्तवर माझ्या छातीत धडधड. तू बोलली न्हाईस. दुसऱ्या दिशी न्हाई, कवाच न्हाई." त्यांनी डोळे मिचकावले, ऊन लागत होतं. "तवापासनं मी तुलाच भीत आलोय, बाळा. आनि कवा कवा वाटायचं, पोरगी सांगंल तर बरं हुईल. मी वाट बगायचो."

मी हातातली पानं मिटली.

"तुला तर कळलं हुतं," नाना म्हणाले. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होते. "तू का न्हाई सांगितलंस तिला?"

मी सहा वर्षांची होते. मला तो दवाखाना आठवत नाही, डॉक्टर आठवत नाही, आईची मांडी आठवते पण ती घरातली. मी नानांना तसं सांगितलं. म्हटलं, "मला खरंच काही आठवत नाही, नाना."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आसू दे." त्यांना ते पटलेलं नव्हतं.